सूक्ष्मजीव, वीज आणि कोळवणची विहीर: नायट्रेट काढण्याच्या एका तंत्राची चिकित्सा

विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, ही प्रयोगशाळेतली गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध? म्हणून सुरुवात गावापासून करू. पुण्याहून पौड, आणि पौडवरून पुढे आत वळलं की वाळकी नदीचं खोरं लागतं. कोळवण, चिखलगाव, हाडशी ही त्यातली गावं. दोन्ही अंगांना डोंगर, मधे भातखाचरं, आणि पावसाळ्यात काठोकाठ भरणाऱ्या विहिरी. भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांना हे खोरं चांगलं माहीत आहे, कारण या शतकाच्या पहिल्या दशकात अ‍ॅक्वाडॅम या पुण्याच्या संस्थेने, ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाच्या एका प्रकल्पात, इथल्या बंधाऱ्यांचा आणि विहिरींचा बारकाईने अभ्यास केला.

आता कल्पना करा, अशा एका गावात कोणीतरी प्रस्ताव घेऊन येतो. म्हणतो, तुमच्या विहिरीत नायट्रेट वाढलंय, आमच्याकडे उपाय आहे. सूक्ष्मजीवांना थोडी वीज द्यायची, ते नायट्रेट खाऊन टाकतात आणि साधा नायट्रोजन वायू हवेत सोडतात. रसायन नाही, कचरा नाही. ऐकायला छान आहे. पण ग्रामसभेने हात वर करायच्या आधी काय विचारावं, हे आज आम्हाला मांडायचं आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे तंत्र खरं आहे, त्यामागचं विज्ञान पक्कं आहे. पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे ठेवलं जातं, तो प्रश्नच अर्धा विचारलेला असतो. ‘नायट्रेट काढायचं कसं’ एवढंच विचारलं जातं. ‘ते आलं कुठून आणि अजून येतंय का’ हे राहून जातं.

नायट्रेट म्हणजे काय, आणि भीती कशाची

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि त्यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 50 आहे.

ही मर्यादा आली लहान बाळांमुळे. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी दाखवलं, की विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारी काही तान्ही बाळं निळी पडत होती आणि कारण पाण्यातलं नायट्रेट होतं. शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांना धोका सगळ्यात जास्त, आणि बाळाला जुलाब होत असतील तर आणखी जास्त.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती घराघरात चुकते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडते, नायट्रेट भांड्यातच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. तुरटी आणि क्लोरीन यांनीही ते हटत नाही.

महाराष्ट्राची स्थिती काय? केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालात देशभरातल्या सुमारे 20 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण 35 टक्क्यांच्या वर होतं. सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांत आपले वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ आहेत. त्या यादीत पुणे जिल्हा नाही. मग कोळवण का घेतलं? कारण जिथे अजून हातात वेळ आहे, तिथे प्रश्न नीट विचारता येतो.

यंत्र चालतं कसं

सूक्ष्मजीव नायट्रेट ‘खातात’ असं म्हणतात, ते पूर्ण बरोबर नाही. ते नायट्रेटवर श्वास घेतात. आपण अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देतो. ऑक्सिजन नसेल तिथे काही जिवाणू तेच इलेक्ट्रॉन नायट्रेटला देतात. नायट्रेटचं नायट्राइट होतं, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड, आणि सरतेशेवटी नायट्रोजन वायू. हवेत 78 टक्के असतो तोच. नायट्रेटचा एक रेणू पूर्ण सुटायला पाच इलेक्ट्रॉन लागतात.

हे इलेक्ट्रॉन आणायचे कुठून? युरोपातल्या जुन्या पद्धतीत पाण्यात इथेनॉल किंवा अ‍ॅसिटिक आम्ल घालतात. जिवाणूंना अन्न मिळतं, काम होतं, पण पाण्यात अन्न उरतं आणि गाळ तयार होतो. नवी कल्पना अशी, की अन्नाऐवजी थेट तार द्यायची. ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर जिवाणूंचा थर वाढवायचा आणि विजेने इलेक्ट्रॉन पुरवायचे. 1993 साली जपानमध्ये साकाकिबारा आणि कुरोदा यांनी विजेने हे काम घडवून आणि ताब्यात ठेवून दाखवलं. 2004 साली अमेरिकेत ग्रेगरी, बाँड आणि लव्हली यांनी दाखवलं, की जिओबॅक्टर कुळातले जिवाणू इलेक्ट्रोडकडून थेट इलेक्ट्रॉन घेऊ शकतात. पुढे स्पेनमधल्या गिरोना विद्यापीठातल्या गटाने खऱ्या भूजलावर हे तंत्र तपासलं.

विजेचा हिशेब आम्ही करून पाहिला. तुम्हीही वहीत करू शकता. हजार लिटर पाण्यातून 60 ग्रॅम नायट्रेट काढायचं, म्हणजे लिटरमागे 60 मिलिग्रॅम. त्याला सुमारे 130 अँपिअर-तास लागतात. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर 150 लिहिलेलं असतं ना, तेवढंच. दाब एक-दीड व्होल्ट धरला, तर हे 0.2 युनिटच्या आत बसतं. तेच पाणी विहिरीतून वीस मीटर वर आणायला पंपालाही जवळपास तेवढीच वीज लागते. वीज महाग पडेल म्हणून हे तंत्र नको, असं कोणी म्हणालं तर तो आक्षेप आम्हाला पटत नाही.

आणखी एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. गावोगावी बसवलेल्या आरओ यंत्रात नायट्रेट नष्ट होत नाही. ते वाया जाणाऱ्या पाण्यात गोळा होतं, ते पाणी गटारात जातं आणि गटारातून परत जमिनीत. आयन-विनिमयाच्या पद्धतीत खारट पाणी मागे राहतं. म्हणजे कचऱ्याची फक्त जागा बदलते. सूक्ष्मजीव मात्र नायट्रेटचा खरोखर निकाल लावतात. या एका मुद्द्यावर हे तंत्र बाकीच्यांपेक्षा सरस आहे, आणि टीका करताना आम्ही ते विसरणार नाही.

आमचे आक्षेप

पहिला आक्षेप अर्धवट कामाचा. 2004 च्या ज्या प्रयोगाचा उल्लेख केला, त्यात जिवाणूंनी नायट्रेट घेतलं आणि नायट्राइटवर थांबले. आता आठवा, बाळाला बाधतं ते नायट्राइटच. म्हणजे यंत्र अर्धवट चाललं तर ‘नायट्रेट नव्वद टक्के कमी’ असा अहवाल येऊ शकतो आणि पाणी आधीपेक्षा वाईट असू शकतं. पुढची पायरी नायट्रस ऑक्साइडची. तो हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ करतो. म्हणून नुसती नायट्रेटची टक्केवारी देणारा कोणताही अहवाल आम्ही अपुरा मानतो. नायट्रोजनचा पूर्ण ताळेबंद हवा: आत किती आला, नायट्राइट म्हणून किती राहिला, नायट्रस ऑक्साइड म्हणून किती गेला, वायू म्हणून किती सुटला.

दुसरा आक्षेप पाण्याचा. प्रयोगशाळेत मिठं घातलेलं, ऑक्सिजन काढलेलं पाणी वापरता येतं. विहिरीचं पाणी तसं नसतं. त्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि जिवाणू आधी त्यालाच इलेक्ट्रॉन देतात, नायट्रेटची पाळी नंतर. सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात पाण्यातले क्षार कमी असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहत नाही आणि दाब वाढवावा लागतो. उलट पूर्वेकडच्या कोरड्या जिल्ह्यांत पाणी जड. तिथे इलेक्ट्रोडजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर इलेक्ट्रोडवर बसतो. म्हणजे एका गावात चाललेलं यंत्र दुसऱ्या गावात तसंच चालेल, असं धरता येत नाही.

तिसरा आक्षेप माणसांचा. हा जिवंत थर आहे. वीज गेली, पंप थांबला, पाणी साचलं, की थराचं गणित बिघडतं. सुरू करताना पहिले काही तास किंवा दिवस नायट्राइट वाढू शकतं. ते रोज तपासणार कोण? बाहेर येणाऱ्या पाण्यात जिवाणू असणार, म्हणून पुढे गाळणी आणि क्लोरीन हवंच. बंद पडलेलं पाण्याचं एटीएम आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. यंत्र वाईट म्हणून ते बंद पडलेलं नसतं. त्याला सांभाळणारं माणूस आणि त्या माणसाचा पगार कागदावर नव्हता, म्हणून बंद पडतं.

चौथा आक्षेप, म्हणजे खरा आक्षेप

आता मुळाकडे येऊ. हजार वस्तीचं गाव घ्या. फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दहा लिटर, म्हणजे रोज दहा हजार लिटर. वरच्याच हिशेबाने यंत्राला रोज 600 ग्रॅम नायट्रेट काढावं लागेल. त्याला अखंड सुमारे 54 अँपिअर प्रवाह हवा. एक चौरस मीटर इलेक्ट्रोड एक अँपिअर देतो असं धरून चालू, तरी 54 चौरस मीटर इलेक्ट्रोड लागला.

दुसऱ्या बाजूला काय आहे? एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण 8 ते 10 ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. दहा ग्रॅम धरा आणि तो सगळा नायट्रेट होऊन पाण्यात गेला असं समजा, तर 44 ग्रॅम नायट्रेट. हजार लिटर निर्मळ पाणी मर्यादेपर्यंत नेणारं. म्हणजे ते 54 चौरस मीटरचं यंत्र दिवसभर राबून चौदा माणसांच्या नायट्रोजनला पुरतं. गाव हजाराचं आहे.

युरियाचं घ्या. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे जवळपास 21 किलो नायट्रोजन. त्याचा फक्त दहावा भाग नायट्रेट होऊन खाली झिरपला, तरी ते नऊ किलो नायट्रेट झालं. यंत्राला तेवढं काढायला पंधरा दिवस लागतील. एका गोणीच्या दहाव्या भागाला पंधरा दिवस.

सगळा नायट्रोजन विहिरीत जात नाही, हे आम्हाला मान्य आहे. पीक घेतं, काही हवेत जातं, काही मातीत राहतं. पण प्रमाण लक्षात आलं असेल. नळ उघडा ठेवून चमच्याने बादली उपसण्यासारखं आहे हे.

आणि कोळवणसारख्या खोऱ्यात हा नळ दिसतो. तिथे काळा पाषाण आहे, त्यात भेगा आहेत. मधे मुरूम आणि मांजऱ्या खडकाचे थर. पाणी या भेगांतून आणि थरांतून चालतं. वाळूच्या मैदानात गाळून-गाळून पुढे जातं, तसं इथे होत नाही. पाणी साठवणारे थरही छोटे, बहुतेक वेळा त्याच खोऱ्यापुरते. अ‍ॅक्वाडॅमने चिखलगावच्या परिसरात केलेल्या कामातून आम्ही घेतलेला धडा असा, की बेसाल्टच्या प्रदेशात नदी, बंधारा आणि विहीर यांचं पाणी एकमेकांत देवाणघेवाण करतं, आणि त्याची दिशा हंगामाप्रमाणे बदलू शकते. बंधारा म्हणजे प्रत्येक वेळी जमिनीत भर, हे गृहीत धरता येत नाही.

याचा नायट्रेटसाठी अर्थ काय? वाईट अर्थ असा, की शौचालयाचा शोषखड्डा भेगेवर आला तर विहिरीपासूनचं कागदावरचं सुरक्षित अंतर पुरेसं असेलच असं नाही. चांगला अर्थ असा, की थर छोटा आहे आणि दर पावसाळ्यात त्यात नवं पाणी येतं. येणारं नायट्रेट थांबवलं तर असं खोरं तुलनेने लवकर सुधारू शकतं. कित्येक दशकं साचलेल्या खोल जलधरांना ही सोय नसते.

आता एक गंमत बघा. कोळवणच्या खोऱ्यात सूक्ष्मजीवांचं नायट्रेट काढण्याचं केंद्र आधीपासून आहे. त्याचं नाव भातखाचर. खाचरात पाणी उभं राहिलं की चिखलातला ऑक्सिजन संपतो. तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेऊ लागतात, आणि इलेक्ट्रॉन त्यांना कुजणाऱ्या पेंढ्या-मुळांतून मिळतात. तार नाही, ग्रॅफाइट नाही. म्हणूनच उभ्या पाण्यातल्या भाताला नायट्रेटयुक्त खत देऊ नये असं शेतीशास्त्र सांगतं, कारण ते वाया जातं. शेतकऱ्याचा हा तोटा विहिरीचा फायदा असतो. खाचरातूनही नायट्रस ऑक्साइड आणि मिथेन निघतो, तेव्हा हे काही निर्दोष यंत्र नव्हे. पण ते आहे, आणि पावसाळाभर फुकट चालतं.

मग खाचर जाऊन तिथे प्लॉट पडले तर? मुळशी तालुक्यात हे नवीन नाही. नायट्रेट सोडवणारी जमीन जाते आणि तिच्या जागी फार्महाऊसचा शोषखड्डा येतो. म्हणजे एकाच व्यवहारात काढणारा कमी झाला आणि घालणारा वाढला. हा हिशेब कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात नसतो.

आणि किंमत कोण देणार? विहिरीत नायट्रेट घालणारे अनेक असतात, पण यंत्राचा खर्च पाणीपट्टीतून जातो, म्हणजे पिणाऱ्याच्या खिशातून. पाणी आणि वीज यांच्या व्यवहारात मोल कोणी द्यायचं, हा प्रश्न याच तालुक्याने 1921 साली सेनापती बापटांच्या मुळशी सत्याग्रहात विचारला होता. तेव्हा पाण्यातून वीज काढायची होती, इथे विजेने पाणी सुधारायचं आहे. किंमत कोण मोजतं हा प्रश्न मात्र तोच आहे.

मग करायचं काय

आधी तपासा. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्या किटमध्ये नायट्रेटची चाचणी असते. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, प्रत्येक सार्वजनिक विहिरीची. आकडे विहिरीच्या नावासह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. शंका आली तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जा. 1972 पासून हेच त्यांचं काम आहे.

मग शोधा. विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे, उकिरडा, गोठा, शोषखड्डा की भाजीपाल्याचं शेत, याचा नकाशा काढा. उकिरडा हलवणं आणि त्याखाली पक्का तळ करणं हे यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

मग खताची पद्धत. भातासाठी डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत आपल्याकडेच तयार झाली. युरिया-डीएपीची छोटी गोळी चार चुडांच्या मधोमध, सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची. खोल चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून नायट्रोजन अमोनियाच्या रूपातच मुळांजवळ राहतो, त्याचं नायट्रेट सहज होत नाही. इथेही सूक्ष्मजीव आहेतच, फक्त ते कुठे काय करतील हे शेतकरी ठरवतो.

आणि हे सगळं करूनही पाणी 45 च्या वर असेल, तर यंत्र जरूर आणा. वर्धा, बुलढाणा, यवतमाळकडच्या ज्या गावांत आज मुलं हे पाणी पितायत, त्यांना ‘आधी खोरं सुधारा, मग बघू’ असं सांगणं क्रूरपणा होईल. तिथे सूक्ष्मजीव आणि वीज यांची चाचणी व्हायला हवी, पण नायट्राइटची रोजची नोंद, सांभाळणाऱ्याचा पगार आणि वरच्या अंगाचा नकाशा या तीन गोष्टी करारात लिहूनच.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न: घरचा आरओ आहे, मग काळजी नको ना?

उत्तर: चांगल्या स्थितीतला आरओ नायट्रेट बरंच कमी करतो. नुसता यूव्ही किंवा साधा फिल्टर करत नाही. पडदा जुना झाला की क्षमता घटते, म्हणून पाणी तपासूनच विश्वास ठेवा. घरात तान्हं बाळ असेल तर आईचं दूध हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे. वरचं दूध द्यायची वेळ आली, तर ते कालवायचं पाणी कुठलं, हे आधी बघा.

प्रश्न: तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलताय असं वाटलं.

उत्तर: नाही हो. आम्हाला हे तंत्र आवडलं म्हणूनच त्याचा इतका हिशेब केला. न आवडलेल्या गोष्टीचे अँपिअर कोण मोजत बसतं? आमचं एवढंच म्हणणं आहे, की सूक्ष्मजीवांकडून काम करून घ्यायचं तर विहिरीच्या काठावर टाकीत घ्यायचं की खोऱ्यात, मातीत, चिखलात घ्यायचं, हा निर्णय गावाने सगळे आकडे समोर ठेवून घ्यावा. तुमच्या गावच्या विहिरीचा आकडा तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन तेवढं विचारा.